लाकडी सांगाड्याची घरे व आग

घराचा भार विटांच्या वा दगडांच्या भिंतींवर न टाकता तो लाकडी खांब, तुळया व वासे यांच्या जुळणीने पेलावयाचा आणि मधल्या मोकळ्या जागा फळ्या, तक्ते, गिलावा इ. साहित्याने झाकावयाच्या, या पद्धतीस लाकडी सांगाड्याचे बांधकाम म्हणतात. जपान, नॉर्वे, स्वीडन, कॅनडा यांसारख्या वनसंपन्न देशांत ही पद्धत दीर्घ काळ रूढ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आजही एका कुटुंबासाठी बांधल्या जाणाऱ्या नव्या घरांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक घरांचा सांगाडा लाकडाचा असतो. तेथे स्थायिक झालेली पुष्कळ मराठी कुटुंबेही अशाच घरांतून राहतात. विटा-सिमेंटच्या घरांची सवय असलेल्या माणसास अशी घरे पाहून पहिला प्रश्न सुचतो तो आगीचा. प्रश्न रास्त आहे. परंतु ‘लाकूड जळते’ एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. पेटलेले घर किती वेळ उभे राहील, हे लाकडाच्या जाडीवर, त्यावरील आवरणावर, भिंतींतील व छतांतील पोकळ्यांवर आणि घरात भरलेल्या सामानावर अवलंबून असते. गेल्या सु. दोनशे वर्षांत या चारही बाबी पालटल्या. काही बदलांनी घर अधिक सुरक्षित झाले. काहींनी मात्र रहिवाशांच्या व अग्निशामक दलाच्या हाती असलेला वेळ हिरावून घेतला.

लाकूड कसे जळते : लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील ओलावा निघून जातो. सु. २५०° ते ३००° से. तापमानास त्याचे अपघटन होऊन ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि हे वायू पेट घेतात. आपणांस दिसणारी ज्वाला ही या वायूंची असते. मागे राहतो तो कोळसा. कोळसा उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे तो आतील लाकडास कवचासारखा उपयोगी पडतो. या थरापासून थोड्याच सेंमी. अंतरावरील लाकूड जवळजवळ मूळच्याच तापमानास असते व त्याचे बलही टिकून राहते. पाइन, फर, स्प्रूस यांसारख्या मृदू लाकडांत कोळशाची ही सीमा मिनिटास सु. ०·६५ मिमी. या संथ वेगाने आत सरकते.

या एका आकड्यावरून पुढील सर्व इतिहास समजून घेता येतो. ३० सेंमी. रुंदीची तुळई दोन्ही बाजूंनी तासभर जळली, तरी तिची सु. ८ सेंमी. रुंदी कोळशात जाते व २२ सेंमी. निरोगी लाकूड शिल्लक राहते. उलट ३८ मिमी. जाडीची तुळई दोन्ही बाजूंनी जळू लागली, तर वीस मिनिटांत तिचे जेमतेम १२ मिमी. लाकूड उरते. चुलीत ढलपी चटकन पेटते व ओंडका रात्रभर धुमसत राहतो, हा घरोघरचा अनुभव याच नियमाचा आहे. उघड्या पोलादाची गोष्ट निराळी. ते जळत नाही, परंतु सु. ५५०° ते ६००° से. तापमानास त्याचे बल निम्म्यावर येते. म्हणूनच मोठ्या आगीनंतर पोलादी तुळया वेड्यावाकड्या होऊन खाली आल्या आहेत आणि जाड लाकडी तुळया काळ्याठिक्कर पडूनही जागेवर आहेत, असे दृश्य अनेकदा आढळते.

जुनी शहरे : जाड लाकूड सावकाश जळत असले, तरी दाट वस्तीत तेवढ्याने भागत नाही. लंडन येथे सप्टेंबर १६६६ मध्ये लागलेल्या आगीत सु. १३,२०० घरे व ८७ चर्चे भस्मसात झाली. त्यानंतर १६६७ च्या पुनर्बांधणी अधिनियमाने शहरातील घरांच्या बाह्य भिंती विटांच्या किंवा दगडांच्या असल्या पाहिजेत, असे बंधन घातले. जपानमधील एडो (आजचे टोकिओ) येथे १६५७ साली झालेल्या अग्निप्रलयात सु. एक लक्ष माणसे दगावली, असा अंदाज आहे. तथापि जपानने लंडनचा मार्ग पत्करला नाही. भूकंपाच्या देशात लवचिक लाकडी सांगाडा सोडणे परवडणारे नव्हते. त्याऐवजी रुंद मोकळे पट्टे राखणे, मौल्यवान वस्तूंसाठी जाड मातीने लिंपलेली कोठारे बांधणे, छपरांवर कौले घालण्यास उत्तेजन देणे असे उपाय योजण्यात आले. अठराव्या शतकात एडोमध्ये नागरिकांची अग्निशामक पथके उभारली गेली. त्यांचे मुख्य काम पाणी मारण्याचे नसून वाऱ्याच्या दिशेची घरे आधीच पाडून आगीची वाट तोडण्याचे होते. सांगाड्याची घरे सांधे सोडवून झटपट उतरविता येत, हा त्या बांधणीचा गुण येथे कामी येई. मात्र १ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांटो भूकंपात एकाच वेळी अनेक ठिकाणी चुली उलथून आगी लागल्या, तेव्हा हे सर्व उपाय अपुरे पडले. त्या आपत्तीत दगावलेल्या सु. १,०५,००० लोकांपैकी बहुसंख्य आगीचे बळी होते.

महाराष्ट्रातही जड लाकडी सांगाड्याची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या वाड्यांत सागवानी खांब, तुळया व त्यांवरील कडीपाट हा बांधणीचा गाभा असे. शनिवारवाड्यास २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती. तीत लाकडी इमारती नष्ट झाल्या आणि दगडी जोती, तटबंदी व दरवाजे तेवढे मागे राहिले. मुंबईच्या कोटात १७ फेब्रुवारी १८०३ रोजी लागलेल्या आगीने उत्तरेकडील दाट बाजारवस्ती जळून गेली व त्यानंतर कोटाबाहेरच्या वस्तीस चालना मिळाली. सागाचे खांब जाड असूनही हे का घडले, याचे कारण मागील गणितातच आहे : जाडी वेळ देते, अभय देत नाही. तो वेळ वापरून आग विझविणारी यंत्रणा नसेल, तर ओंडकाही अखेर राख होतोच.

जाडीने मिळणाऱ्या या वेळेचा पद्धतशीर उपयोग प्रथम केला तो अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांनी. झकरिया ॲलन या गिरणीमालकाने १८३५ मध्ये परस्पर विम्याची योजना सुरू केली. गिरणीची बांधणी व देखभाल नीट असेल त्यालाच तीत प्रवेश असे. त्यातून ‘मंदज्वलनी’ म्हणून ओळखली जाणारी बांधणी विकसित झाली. थोडे पण जाड खांब, लांब अंतरावरच्या भक्कम तुळया, त्यांवर सु. ७·५ सेंमी. जाडीच्या फळ्यांची तक्तपोशी आणि कोठेही झाकलेली पोकळी नाही, ही तिची लक्षणे होत. पोकळी नसल्यामुळे आग दडून बसू शकत नसे व पाण्याचा मारा तिच्यापर्यंत थेट पोहोचे.

फुगा-सांगाडा : याच सुमारास घरबांधणीत मात्र नेमका उलटा प्रवाह सुरू झाला. वाफेवर चालणाऱ्या करवतगिरण्यांमुळे एकसारख्या मापाच्या बारीक पट्ट्या मुबलक मिळू लागल्या आणि यंत्राने बनविलेले खिळे स्वस्त झाले. शिकागो येथे १८३०–४० या दशकात जाड खांब व कोरून बसविलेले सांधे टाकून देऊन सु. ५ × १० सेंमी. छेदाच्या पट्ट्या सु. ४० सेंमी. अंतराने उभ्या करून नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली घरे दिसू लागली. या पद्धतीचे श्रेय कधी जॉर्ज स्नो यांच्या १८३२ मधील वखारीस, तर कधी ऑगस्टीन टेलर यांनी १८३३ मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चला दिले जाते. एका माणसाच्या शोधापेक्षा गरजेतून हळूहळू घडत गेलेली ही रीत होती, असे मानणे अधिक योग्य ठरेल. असली हलकी इमारत वाऱ्याने फुग्यासारखी उडून जाईल, असे जुने सुतार थट्टेने म्हणत व त्यावरून तिला ‘बलून फ्रेम’ हे नाव पडले, असे सांगतात. ती उडाली नाही. कुशल सुतारावाचून काही दिवसांत उभे राहणारे हे घर नसते, तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील शहरे एवढ्या झपाट्याने वसली नसती.

तिचा दोष आगीत उघड झाला. या बांधणीत उभ्या पट्ट्या तळापासून थेट छपरापर्यंत अखंड जात. दोन पट्ट्यांमधील पोकळी त्यामुळे तळघरापासून माळ्यापर्यंत मोकळी राही. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक बाह्य भिंतीत दर ४० सेंमी.वर एकेक धुराडे तयार होई. तळघरात लागलेली आग मधल्या मजल्यांवर न दिसता काही मिनिटांत माळ्यावर प्रकट होई. अशी लक्षावधी घरे अमेरिकेच्या जुन्या वस्त्यांत अद्याप उभी असून, खाली आग दिसताच माळा तपासावा, असे तेथील अग्निशामकांना आवर्जून शिकवितात.

शिकागो शहरास ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री लागलेली आग १० तारखेपर्यंत जळत होती. तीत सु. ३०० माणसे मृत्यू पावली, सु. १७,५०० इमारती जळाल्या व सु. एक लक्ष लोक बेघर झाले. एका गाईने लाथ मारून कंदील उलथविल्याने ही आग लागली, ही कथा जगभर पसरली. ती आपण व आपल्या सहकाऱ्यांनी रचली होती, असे एका वार्ताहराने पुढे कबूल केले आणि १९९७ साली शिकागोच्या नगरपरिषदेने त्या गाईस व तिच्या मालकिणीस औपचारिक रीत्या दोषमुक्त केले. खरी कारणे कमी रंजक आहेत : दीर्घ अवर्षण, जोराचा वारा, लाकडी घरे, लाकडी पदपथ आणि लाकडी ठोकळ्यांनी मढविलेले रस्ते. त्याच रात्री विस्कॉन्सिनमधील पेश्टिगो व आसपासच्या भागात वणव्याने किमान १,२०० लोकांचा बळी घेतला. शिकागोच्या गाजावाजात ही कितीतरी मोठी आपत्ती विस्मृतीत गेली.

आगीनंतर शिकागोत लाकडी घरांवर बंदी घालण्याचे ठरू लागताच जानेवारी १८७२ मध्ये शहराच्या उत्तर भागातील कामगारांनी नगरभवनावर मोर्चा नेला. विटांचे घर बांधण्याची त्यांची ऐपत नव्हती. बंदी म्हणजे स्वतःच्या जमिनीवरून हद्दपारीच, असे त्यांचे म्हणणे होते. बंदी सौम्य करण्यात आली. जुलै १८७४ मध्ये पुन्हा आग लागून सु. ८०० इमारती जळाल्या आणि विमा कंपन्यांनी शहरातील व्यवसाय थांबविण्याचा इशारा दिला, तेव्हा नियम कडक झाले. स्वस्त निवारा आणि सुरक्षित निवारा यांतील हा झगडा पुढे वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा डोके वर काढताना दिसतो.

कसोटी व आवरण : विमा कंपन्यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही परीक्षणसंस्था व १८९६ मध्ये नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस भिंती, छते व खांब यांच्या अग्निरोधाची प्रमाणित कसोटी ठरली. तीनुसार भट्टीचे तापमान पाच मिनिटांत ५३८°, दहा मिनिटांत ७०४° व तासाभरात ९२७° से.पर्यंत चढविले जाते आणि नमुना भार पेलीत किती वेळ टिकतो ते मोजतात. ही कसोटी मूलतः तीच असून आजही वापरात आहे. ‘एक तासाचा अग्निरोध’ या शब्दप्रयोगाने सामान्य माणसाचा गैरसमज होतो, म्हणून येथे सांगणे अवश्य आहे की, हा तास भट्टीतील निर्दोष नमुन्याचा असतो. प्रत्यक्ष घरातील भिंतीला नळांसाठी, विजेच्या तारांसाठी व दिव्यांसाठी छिद्रे पाडलेली असतात आणि तेथून आग केव्हा आत शिरेल याची हमी कोणतीही भट्टी देत नाही.

विसाव्या शतकात लाकडी घर दोन गोष्टींनी सावरले. पहिली म्हणजे मजलानिहाय सांगाडा. यात प्रत्येक मजल्याच्या भिंती स्वतंत्र उभारून त्यांच्या माथ्यावर आडव्या पट्ट्या ठोकतात व त्यांवर पुढच्या मजल्याची तक्तपोशी करतात. या आडव्या पट्ट्यांमुळे भिंतीतील धुराडी आपोआप बुजली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हीच पद्धत सर्वत्र प्रचारात आली.

दुसरी गोष्ट म्हणजे जिप्समाचा तक्ता. ऑगस्टीन सॅकेट यांनी कागदाच्या थरांमध्ये जिप्समाचा लगदा दाबून बनविलेल्या तक्त्याचे एकस्व १८९४ मध्ये मिळविले. पुढे या कल्पनेत सुधारणा होत जाऊन महायुद्धोत्तर घरबांधणीच्या लाटेत लाकडी पट्ट्यांवरील चुन्याच्या गिलाव्याची जागा या तक्त्याने घेतली. जिप्सम हे कॅल्शियमाचे जलयुक्त सल्फेट असून त्याच्या वजनाचा सु. एकपंचमांश भाग पाण्याचा असतो. सु. १२·५ मिमी. जाडीच्या एका चौ. मी. तक्त्यात दीड किग्रॅ.हून अधिक पाणी अशा रीतीने स्फटिकांत बांधलेले असते. आग लागली की आधी हे पाणी सुटून त्याची वाफ व्हावी लागते आणि तोपर्यंत तक्त्याच्या मागील बाजूचे तापमान १००° से.च्या आसपास रेंगाळते. तेथील लाकूड कोळसण्याच्या मर्यादेपासून दूर राहते. पाणी संपल्यावर साधा तक्ता आकसतो, भेगाळतो व गळून पडतो. हे लांबविण्यासाठी लगद्यात काचतंतू मिसळलेला सु. १६ मिमी. जाडीचा विशेष प्रकार बनविण्यात आला. लाकडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंस तो एकेक थर ठोकला असता भिंतीला एक तासाचा अग्निरोध मिळतो. आधुनिक लाकडी घराचे आगीपासून रक्षण करणारा मुख्य घटक हा पांढरा तक्ताच होय, असे म्हणण्यास हरकत नाही. तो जेथे नसतो, तेथे काय होते हे पुढील प्रकरण दाखविते.

हलक्या तुळया : महायुद्धानंतर मोठी झाडे दुर्मिळ व मजुरी महाग होत गेली. १९५० च्या दशकात बारीक पट्ट्यांच्या कैच्या दातेरी पोलादी पत्र्यांनी जोडून कारखान्यात तयार होऊ लागल्या. १९६९ मध्ये आयडाहो राज्यातील एका कंपनीने इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या छेदाची लाकडी तुळई बाजारात आणली. तिच्या वरच्या व खालच्या कडा जाड असून मधला पडदा प्लायवुडाचा, व पुढे दाबून चिकटविलेल्या लाकडी कपच्यांचा, असतो. या पडद्याची जाडी सामान्यतः केवळ ९·५ मिमी. असते. अभियांत्रिकी दृष्टीने ही उत्तम वस्तू आहे. ती हलकी व सरळ असते, वाकत-मुरडत नाही, अखंड तुळईपेक्षा पुष्कळ कमी लाकडात अधिक लांबीचा गाळा पेलते आणि जंगलावरचा ताणही कमी करते. घरमालकाला करकर न वाजणारी जमीन मिळते. गेल्या काही दशकांत तिचा प्रसार झपाट्याने झाला तो उगाच नव्हे.

परंतु काटकसर करताना जे लाकूड ‘जादा’ म्हणून वगळले गेले, तेच आगीत कोळशाचे कवच बनत असे. मिनिटास ०·६५ मिमी. या वेगाने दोन्ही बाजूंनी जळणारा ९·५ मिमी.चा पडदा सात-साडेसात मिनिटांत नाहीसा झाला पाहिजे. दातेरी पत्र्यांच्या कैचीची गतही फारशी वेगळी नाही. पत्र्याचे दात लाकडात सु. एक सेंमी.च रुतलेले असतात. त्यांच्या भोवतालचे लाकूड कोळसले की पत्रा सुटतो, आणि एक सांधा सुटला की शेजारच्या सांध्यांवर भार जाऊन संपूर्ण कैची कोसळते. अग्निशामकांना इमारतींचे बांधकाम शिकविणारे फ्रान्सिस ब्रॅनिगन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून पुढे अनेक वर्षे कैच्यांच्या या धोक्याकडे लक्ष वेधले होते. न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे १ जुलै १९८८ रोजी एका मोटारविक्री इमारतीच्या लाकडी कैच्यांचे छत कोसळून पाच अग्निशामक मृत्युमुखी पडले. तेव्हा कैच्यांच्या इमारतींवर बाहेरून दिसेल असे चिन्ह लावण्याचा कायदा त्या राज्यात झाला. तथापि एकेकट्या कुटुंबांची घरे अशा चिन्हांच्या कक्षेत नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे येथे जळत्या घरात शिरलेल्या अग्निशामकाच्या पायाखालची जमीन खचून तो तळघरात पडला व मरण पावला. ती जमीन हलक्या कैच्यांवर आधारलेली होती.

अंडररायटर्स लॅबोरेटरीजने २००८ मध्ये या विषयावर भट्टीत केलेले प्रयोग निर्णायक ठरले. खालून कोणतेही आवरण नसलेली, ३८ मिमी. जाडीच्या अखंड तुळयांची जमीन सु. १८ मिनिटांनी कोसळली. तशीच, पण ‘आय’ तुळयांची, जमीन सु. ६ मिनिटांतच खाली आली. खालून जिप्समाचा साधा तक्ता ठोकल्यावर हे काळ अनुक्रमे सु. ४४ व सु. २६ मिनिटांपर्यंत वाढले. जमिनीवरून उष्णतादर्शक कॅमेऱ्याने पाहिले असता खालच्या आगीची कल्पना येत नाही, हेही या प्रयोगांत दिसून आले. गालिचा व तक्तपोशी उष्णता अडवून धरतात. पूर्वी पाय टेकवून जमीन ‘मऊ’ लागते का हे अग्निशामक अजमावीत. ही पिढ्यान्‌पिढ्यांची खूण आता भरवशाची राहिलेली नाही.

सहा मिनिटे म्हणजे किती, हे समजण्यासाठी दुसरा एक आकडा ध्यानात घ्यावा लागेल. अमेरिकेतील पूर्णवेळ अग्निशामक दलांसाठी असलेल्या मानकानुसार सूचना मिळाल्यापासून ८० सेकंदांत गाडी निघावी व त्यापुढील चार मिनिटांत पहिला बंब घटनास्थळी पोहोचावा, अशी अपेक्षा आहे. म्हणजे सर्व काही नियमानुसार घडले, तरी आग लक्षात येणे व दूरध्वनी करणे यांचा वेळ धरता, दल दारात पोहोचते तेव्हा तळघरातील उघड्या हलक्या तुळयांचे आयुष्य जवळपास संपलेले असते. दार उघडून आत पाऊल टाकण्याचा क्षण आणि जमीन खचण्याचा क्षण एकमेकांवर येऊन ठेपतात.

घरातील सामान : सांगाडा बदलत असताना सामानही बदलले. जुन्या घरांत लाकडी खुर्च्या, कापूस, लोकर यांचे प्रमाण अधिक असे; आताच्या सोफ्यांत व गाद्यांत पॉलियुरेथेनाचा फेस आणि इतर कृत्रिम पदार्थ असतात. हे पदार्थ वेगाने पेटतात, अतिशय उष्णता देतात व विषारी काळा धूर सोडतात. खोलीच्या छताखाली साठलेला तप्त धूर एका मर्यादेबाहेर तापला की खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकदम पेट घेतात. या अवस्थेस ‘फ्लॅशओव्हर’ म्हणतात व ती गाठलेल्या खोलीत कोणी जिवंत राहू शकत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगांत आधुनिक सामानाच्या खोल्यांनी पाच मिनिटांच्या आतच ही अवस्था गाठली, तर जुन्या धर्तीच्या सामानाच्या खोल्यांना सु. अर्धा तास लागला व त्यांतील एका खोलीने तेवढ्या वेळात ती गाठलीच नाही. मोठी दालने, कमी आडभिंती व हवाबंद दुहेरी काचांच्या खिडक्या यांनीही आगीचे वर्तन पालटले आहे. हवा अपुरी पडून मंदावलेली आग दार उघडताच भडकते. त्यामुळे आत शिरणाऱ्याने दार केव्हा व किती उघडावे, यासंबंधीचे शिक्षणही नव्याने द्यावे लागत आहे.

नियम व वाद : अमेरिकेतील राष्ट्रीय आयोगाने १९७३ च्या अहवालात देशात आगीने दरवर्षी सु. १२,००० लोक मरतात, असे म्हटले होते. त्यानंतर बॅटरीवर चालणारे स्वस्त धूरसूचक घरोघरी पोहोचले. घरगुती आगींतील मृत्यूंची संख्या १९८० मध्ये सु. ५,२०० होती, ती २०२० नंतरच्या काळात २,५०० ते २,९०० च्या आसपास आली. यश मोठे आहे. मात्र नोंदविलेल्या दर हजार घरगुती आगींमागील मृत्यूंचे प्रमाण १९८० च्या तुलनेत घटलेले नाही. याचा अर्थ असा की, आगी कमी लागू लागल्या. लागलेली आग पूर्वीपेक्षा कमी घातक झाली असे नाही.

आदर्श निवासी बांधकाम संहितेच्या २००९ च्या आवृत्तीत एक-दोन कुटुंबांच्या सर्व नव्या घरांत आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा बसविण्याची अट घालण्यात आली. घरे महागतील या कारणासाठी बांधकाम व्यावसायिकांनी तिला कडाडून विरोध केला व बहुतेक राज्यांनी ती अट वगळली. कॅलिफोर्निया व मेरिलँड यांनी ती स्वीकारली. १८७२ च्या मोर्च्यात गरीब घरमालक होते, येथे व्यावसायिक होते, एवढा फरक सोडला तर युक्तिवाद ओळखीचा वाटतो. २०१२ च्या आवृत्तीत तडजोड म्हणून हलक्या तुळयांच्या जमिनीस खालून जिप्समाचा तक्ता ठोकणे अनिवार्य झाले. अखंड जाड तुळया असतील किंवा फवारणी असेल, तर त्यातून सूट मिळते. उपाय साधा व स्वस्त आहे. परंतु तो नव्या घरांपुरता आहे. त्याआधीच्या तीस-चाळीस वर्षांत उघड्या तुळयांवर बांधलेली घरे आहेत तशीच आहेत.

बहुमजली हलक्या इमारतींचा अनुभव संमिश्र आहे. न्यू जर्सीतील एजवॉटर येथे २१ जानेवारी २०१५ रोजी दुरुस्ती करणाऱ्या कामगारांच्या ज्योतदिव्याने भिंतीच्या पोकळीत आग लागली व २४० सदनिका नष्ट झाल्या. खोल्यांत फवारणीची व्यवस्था होती, पण ती रहिवाशांना बाहेर पडण्यास वेळ मिळावा या हेतूची असून पोकळ्यांत व माळ्यावर नव्हती. एकही माणूस दगावला नाही, इमारत मात्र गेली. नियम पाळला गेला, हे जितके खरे तितकेच शेकडो कुटुंबे एका रात्रीत उघड्यावर आली हेही खरे.

जाड लाकडाचे पुनरागमन : १९९० नंतर ऑस्ट्रिया व जर्मनी येथे फळ्यांचे थर एकमेकांस काटकोनात चिकटवून जाड पाट्या बनविण्याचे तंत्र विकसित झाले. नॉर्वेमधील म्योस्टॉर्नेट (२०१९, ८५·४ मी.) व मिलवॉकी येथील असेंट (२०२२, ८६·६ मी.) या उंच इमारतींत अशा जाड लाकडाचा मोठा वाटा आहे. हा एका अर्थी न्यू इंग्लंडच्या गिरण्यांचाच नियम होय. मात्र चिकटविलेल्या थरांना स्वतःचा असा एक दोष आहे. काही सरसांचे बल उष्णतेने नाहीसे होऊन कोळसलेला थर गळून पडतो, खालचे ताजे लाकूड उघडे होते आणि मंदावत आलेली आग पुन्हा उसळते. यासाठी सरसांची कसोटी कडक करण्यात आली असून, अमेरिकेच्या २०२१ च्या आदर्श संहितेत १८ मजल्यांपर्यंतच्या लाकडी इमारतींना मुभा देताना सर्वांत उंच वर्गात सर्व लाकूड जिप्समाने झाकण्याची अट आहे.

बाहेरून येणारी आग : वणव्याच्या पट्ट्यात प्रश्नाचे स्वरूप पालटते, कारण तेथे आग बाहेरून येते. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या टेकड्यांवर २० ऑक्टोबर १९९१ रोजी लागलेल्या आगीत २५ माणसे मरण पावली. लाकडी फळकुटांनी शाकारलेली छपरे तेथे आगीची वाहक ठरली. २००८ पासून त्या राज्याने वणवाप्रवण भागातील नव्या घरांसाठी न पेटणारी छपरे, बारीक धातुजाळी लावलेले झरोके इ. अटी लागू केल्या. वाऱ्याने उडत आलेले निखारे झरोक्यातून माळ्यावर शिरतात किंवा भिंतीलगतच्या पाचोळ्यात पडतात आणि घर आतून वा पायथ्यापासून पेटते. ज्वालांची भिंत येऊन घराला भिडते हे चित्र पुष्कळदा खरे नसते. एकदा एक घर पेटले की त्याच्या उष्णतेने शेजारचे पेटते व वणव्याचे शहरी आगीत रूपांतर होते. लाहाइना (हवाई) येथे ८ ऑगस्ट २०२३ रोजी सु. १०० लोकांचा बळी घेणारी आग आणि जानेवारी २०२५ मध्ये लॉस अँजेल्स परिसरातील १६,००० हून अधिक इमारती गिळणाऱ्या आगी या अशाच प्रकारच्या होत्या. पॅराडाइझ (कॅलिफोर्निया) या गावात ८ नोव्हेंबर २०१८ च्या आगीने ८५ माणसे दगावली व १८,००० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. नंतर घेतलेल्या छायाचित्रांत अनेक ठिकाणी घरांच्या जागी केवळ पांढरी राख व विटांची धुराडी दिसतात आणि त्यांच्या मध्ये पाइनची झाडे हिरवीच्या हिरवी उभी आहेत.